पहिला श्वास सोडून द्यायचा

सुरगाण्याहून परत येत होते. तिथल्या एका बचतगटाच्या बायकांना नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बिस्किटांच्या पाकिटावर चार ओळी हव्या होत्या, त्यासाठी गेले होते. पाकिटांवरचे, पत्रकांवरचे, भिंतीवरच्या फलकांवरचे मजकूर लिहिणं हाच माझा धंदा. घाट उतरेपर्यंत फोनला रेंज नव्हती. ती आली तसा पर्समध्ये फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. जीपवाला हसून म्हणाला, "ताई, लय जण आठवण काढतेत तुमची." लय जण नव्हते. आठही फोन एकट्या मामीचे होते. माझी मामी म्हणजे एक मिस्ड कॉल देऊन तासभर वाट बघणारी बाई, समोरच्याला उगाच त्रास कशाला द्यायचा म्हणून. आठ म्हटल्यावर मला कळलंच. मी फोन लावला, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मंजू, सावकाश ये गं. घाई करू नकोस. आता घाईचं काही राहिलं नाही."

दत्तूमामा गेला त्याला आता सहा आठवडे झाले. नाशकात, इंदिरानगरच्या घरात, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. मांडीवर पेपर होता. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "वय झालं होतं, सुटले बिचारे." मला असा राग यायचा! सुटले काय? कशातून सुटले? एकोणऐंशी वर्षांचा माणूस रोज स्वतः जाऊन भाजी आणत होता, शेजारच्या सोसायटीतल्या भांडणात न विचारता पंच होत होता, त्याला सुटायचं कशाला होतं? पण मयताच्या घरी माणसं काहीतरी बोलतात, त्यांना तरी दुसरं काय सुचणार... मी चहा देत राहिले.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, पिंपळगाव बसवंतचा. अठराव्या वर्षी कांद्याच्या ट्रकवर बसून मुंबईला गेला आणि तिथंच राहिला. गावातल्या एका व्यापाऱ्याचा कांदा तेव्हा बोटीनं आखातात जायचा. माल मुंबईच्या गोदीत उतरायचा, पण बोट काही ट्रकची वाट बघत उभी नसते. कधी चार दिवस, कधी दहा दिवस गोण्या गोदीतल्या बारा नंबरच्या गोदामात पडून राहायच्या, आणि त्या सांभाळायला घरचा म्हणावा असा माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे मामा. समुद्राला लागून दगडी गोदामांची लांबलचक रांग, वर कौलं, पुढं रूळ, आणि प्रत्येकाला दोन माणसांनी ढकलावा लागेल असा लोखंडी दरवाजा. तिथं त्यानं बावीस वर्षं काढली.

तिथं त्याचं काम काय होतं, हे सांगितलं तर लोक हसतात. त्याचं काम होतं वास घेणं. कांदा ही मोठी लबाड वस्तू. वरून लालबुंद, आणि आत पाणी सुटलेलं. एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो, गोणी जाते, गोणीखालची गोणी जाते. गोदामात गोण्यांच्या थप्प्या छतापर्यंत लावलेल्या. एक गोणी शोधायला सगळी थप्पी उतरवायची तर दिवस जायचा, आणि नाही शोधली तर बोटीवरचा माणूस सगळा माल नाकारायचा. मग मामा सकाळी सगळ्यात आधी जायचा. हमाल दरवाजा ढकलायचे आणि बाजूला होऊन गप्प उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी बिडी पेटवायची नाही. रात्रभर कोंडलेली हवा बाहेर यायची. मामा उंबऱ्यात डोळे मिटून उभा. आणि मग बोट करून सांगायचा, "डावीकडची तिसरी थप्पी. खालून दुसरा थर. भिंतीच्या बाजूनं." हमालांचा मुकादम म्हातारा मुसलमान होता. तो पहिल्यांदा म्हणाला होता म्हणे, "अरे मियाँ, नाक है के दुर्बीन?" थप्पी उतरवली तर गोणी तिथंच. पुढं मुकादमानं कधी विचारलं नाही. मामानं बोट दाखवायचं आणि त्यांनी उतरवायचं, इतकंच.

मराठीत नाकानं कांदे सोलणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी मात्र आई तोंडभर हसून सांगायची, "आमचा दत्तू खरोखरीच नाकानं कांदे सोलतो, आणि त्याचा पगार घेतो." पण त्या नाकापायी त्यानं काय काय सोडलं होतं! डोक्याला तेल नाही. तंबाखू नाही, बिडी नाही, वासाचा साबण नाही. लग्नाकार्यात अत्तरदाणी घेऊन कुणी समोर आलं की हा हात मागं घेऊन उभा, जसं काही चोरी करताना पकडलाय. दोन-तीन सोयरिकींमध्ये त्यावरून रुसवे झाले. आणि मामीचा गजरा... मामीला मोगऱ्याचं भारी वेड. लग्न होऊन मुंबईला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती हौसेनं गजरा माळून जेवायला वाढायला लागली, तर हा म्हणाला, "अगं, तेवढा काढून ठेवतेस का? नाकात बसतो. सकाळी गोदाम उघडायचंय." नवी नवरी काय बोलणार? तिनं काढून ठेवला. तेव्हापासून गजरा फक्त रविवारी. गोदी सुटली, मुंबई सुटली, नोकरीही संपली, तरी त्या घरात गजरा रविवारचाच राहिला.

मी दहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. एका सकाळी मामा मला गोदामावर घेऊन गेला. दार उघडलं तशी आतून एक गरम, ओलसर, तिखट लाट अंगावर आली, मी शिंकले. हमाल हसले. मामानं मला पुढं उंबऱ्यात उभं केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवले आणि म्हणाला, "डोळे मीट. पहिला श्वास सोडून द्यायचा. तो बाहेरचा असतो. त्यात समुद्र असतो, बिडी असते, आपलंच तोंड असतं. दुसरा घे. दुसरा खरा." मी घेतला. "काय आलं?" "सगळाच वास येतोय मामा." तो म्हणाला, "सगळा आला म्हणजे कायच नाय आलं. चांगल्या कांद्याचा वास सोडून दे, तो तर हायच. जो नसायला पायजे तो शोध." मला नाहीच सापडला. मी रडकुंडीला आले, तेव्हा त्यानं मला मुकादमाच्या खाटेवर बसवून भजी खाऊ घातली, कांद्याचीच. त्या सुट्टीत तो मला रोज घेऊन गेला आणि मी रोज नापास झाले.

पुढं सगळा माल लोखंडी पेट्यांत बंद होऊन दुसऱ्या बंदरातून जायला लागला आणि ती गोदामं एकेक करून कुलूपबंद झाली. मामा पिंपळगावला परतला. हायवेवरच्या एका शीतगृहात द्राक्षांवर नजर ठेवायला त्याला घेतलं, पण तिथं त्याचा जीव रमला नाही. "गारठ्यात वास झोपतो गं," तो म्हणायचा, "झोपलेल्याशी काय बोलणार?" तरी नोकरी पुरी केली आणि इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. मूलबाळ नव्हतं त्यांना. मीच होते. त्यांचं ते मोठं घर आणि माझं घर म्हणजे जणू त्याचीच ओसरी, असं आम्ही राहिलो. स्वयंपाकघरात शिरण्याआधी तो दारात थबकायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "अगं, टोपलीत एक सडलाय बघ." मामी उठायची, टोपलीत हात घालायची आणि कांदा काढून मागच्या बाल्कनीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून यायची. इतरांच्या घरी घड्याळाचे टोले वाजत असतील, त्यांच्याकडं हे वाजायचं.

आता जे सांगायचंय त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय, आणि तेच सांगायला हात मागं येतोय.

तीनेक वर्षांपूर्वी मला मुंबईहून एक काम आलं. मामाच्या गोदीतली ती जुनी गोदामं दुरुस्त करून तिथं 'वॉटरफ्रंट' करायचं होतं. समुद्राकाठी चालायला फरसबंदी, काचेचे कठडे, गोदामांमध्ये हॉटेलं, कॉफीची दुकानं, चित्रांची दालनं. प्रत्येक गोदामाबाहेर एक पितळी फलक, त्यावर इथं पूर्वी काय होतं त्याची माहिती, इंग्रजीत आणि खाली मराठीत. मराठी मी लिहायचं. यादीत बारा नंबर दिसला तेव्हा मी अक्षरशः धावत मामाकडं गेले. तो इतका वेळ बोलला त्या दिवशी! दार कसं कुरकुरायचं, मुकादम कसा नमाजाला जायचा, पहिल्या आणि दुसऱ्या श्वासात फरक काय. वासांबद्दल तर असं बोलला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना म्हणाला, "मंजे, माझं नाव-बिव काय टाकू नको. फक्त कांदा लिही. लोकांना कळू दे, तिथं कांदा होता. एवढं करशील?" मी म्हणाले, "शप्पथ."

लिहिलं मी. छान लिहिलं होतं. पण प्रकल्पाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. बारा नंबरमध्ये एक मोठं हॉटेल येणार होतं, महागातलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कांदा म्हटलं की लोकांना भाजी मंडई आठवते हो. थोडं रोमँटिक करू या ना. मसाले म्हणू. कधी ना कधी मसालेही असतीलच की तिथं." मी भांडले. मी तशी फटकळच आहे, सोडत नाही कुणाला. अर्धा दिवस भांडले. मग त्या म्हणाल्या, पुढच्या टप्प्याचे फलकही तुमच्याकडंच द्यायचा विचार आहे... आणि मी मऊ झाले. नुसत्या पैशासाठी नाही. मोठं काम होतं, नाव होणार होतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: 'दूरदेशींहून आलेल्या मिरी, लवंग, वेलदोड्यांच्या सुगंधानं एके काळी इथली हवा जड व्हायची.' आणि निर्लज्जासारखं सांगते, ते वाक्य जमलं म्हणून मला बरंही वाटलं. मामानं विचारलं, "लिहिलास का कांदा?" मी म्हणाले, "लिहिला की."

झालं. त्याच्यानंतर तो म्हणायला लागला, "एकदा घेऊन चल ना गं. दारात उभा राहीन, फलक वाचीन आणि येईन." आणि मी टाळायला लागले. आधी उन्हाळा होता, मग त्याचे गुडघे होते, मग हायवेचे खड्डे, मग कुंभाच्या कामांसाठी सगळं नाशिक खणून ठेवलेलं. कारणांना काय तोटा? नवल म्हणजे तो प्रत्येक वेळी लगेच मान्य करायचा. "बरोबर हाय तुझं, या उन्हात कोण जातंय." मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे. पण महिन्या-दोन महिन्यांनी तो परत विषय काढायचाच.

गेल्या दिवाळीनंतर माझी कारणं संपली. गाडी ठरली. मामीनं तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पायात नव्या चपला घालून खाली येऊन थांबलेला. रस्ताभर सांगायचं म्हणून मी मनाशी वाक्यं जुळवत होते: मामा, ते लोक ऐकेनात रे, माझा इलाज नव्हता. अजून शहरही सुटलं नव्हतं, पाथर्डी फाट्यापर्यंत गाडी आली, आणि मामानं माझ्या हातावर हात ठेवला. "मंजे, पोटात कसंतरी व्हायलंय. परत फिरू." मी "दवाखान्यात जाऊ या का" असं विचारलं खरं, पण आत काय झालं ते मलाच माहीत. सुटले! माझ्या म्हाताऱ्या मामाच्या पोटात दुखतंय आणि मला आनंद झालाय, अशी मी बाई. घरी येऊन आम्ही त्याच पुऱ्या लोणच्याबरोबर खाल्ल्या. त्यानंही चांगल्या चार खाल्ल्या. पुन्हा त्यानं मुंबईचं नाव काढलं नाही.

शेवटची भेट जाण्याच्या आठ दिवस आधीची. तो नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात थबकला, डोळे मिटले, म्हणाला, "अगं, एक सडलाय बघ." मामी पोळ्या लाटत होती. हात पुसून उठली, टोपलीतला वरचाच एक कांदा घेतला. मी शेजारीच होते. कांदा चांगला कडक, चकचकीत दिसत होता. मी म्हणाले, "मामी, हा तर चांगला आहे की." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच झाले. मग बाल्कनीत जाऊन तिनं तो टाकला आणि म्हणाली, "आतून गेला होता गं. यांना बरोबर कळतं." मामा समाधानानं जेवायला बसला. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला डोळ्यांनी कमी दिसतं.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. विधी माझ्या भावानं केले. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा? इतरांच्या पिंडांवर झुंडी पडत होत्या आणि आमच्या पिंडाभोवती दोन फूट मोकळी जागा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण अर्धा तास तसा गेला की विश्वास नसलेला माणूसही कावळ्यांकडं आशेनं बघायला लागतो. नातेवाइकांनी एकेक बोलायला सुरुवात केली. "दत्तू, वहिनींना आम्ही सांभाळू." "दत्तूभाऊ, पिंपळगावच्या घराचं छप्पर घालून घेऊ." कावळा ढिम्म. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, कारण लेकीसारखी मीच. "मंजू, काय राहिलं असंल गं त्याचं? तुला ठाऊक असंल." मला ठाऊक होतं. मामा, मी कांदा लिहिला नाही... एवढंच म्हणायचं होतं. मी पुढं सरकले. पण माझ्या आधी मामी उठली. इतक्या लोकांपुढं ती कधी बोलली नव्हती. पिंडाजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला माहीत होतं. तुमचं नाक गेलं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता जीव अडकवून ठेवू नका."

आणि कावळा शिवला. सगळे "शिवला, शिवला" म्हणत उठले, कुणी पाणी सोडलं, कुणी मामीला धरलं. माझं बोलायचं राहून गेलं. त्या क्षणी मला पुन्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची इतकी शिसारी आली की मी नदीकडं तोंड करून उभी राहिले.

घरी आल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मामीनं सांगितलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडली होती. तिचे चव-वास महिन्याभरात परत आले. त्याचं नाक परत आलंच नाही. तो काही बोलला नाही. पण एकदा गॅसवरचं दूध करपून धूर झाला तरी हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. मग तिनं एक केलं. बुधवारी मोगऱ्याचा गजरा माळला आणि त्याच्या अगदी जवळ बसून जेवायला वाढलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बुधवारी गजरा," मामी म्हणाली. "हे जेवले. ताक मागितलं. हात धुतले. काही म्हणजे काही बोलले नाहीत. मी न्हाणीत जाऊन तो गजरा काढला आणि रडले." दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एक सडलाय बघ." टोपलीत काहीच सडलेलं नव्हतं. मामीनं एक चांगला कांदा उचलला आणि टाकून आली. त्यानंतर रोज. म्हणजे ज्या दिवशी तो मला गोदामातल्या वासांबद्दल सांगत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या दिवशी त्याला समोरच्या कपातल्या चहाचाही वास येत नव्हता.

"आणि पाथर्डी फाटा?" मी विचारलं. मामीनं पाहुण्यांचे कप गोळा केले. मग म्हणाली, "त्या दिवशी तू गेल्यावर मला म्हणाले, 'तिथं आता वास राहिला नसंल गं.' मी म्हटलं, 'नसेलच.' दुसरं काय म्हणणार? त्या दारात उभं राहायचं आणि काहीच आलं नाही, तर... तेवढं यांच्यानं सोसलं नसतं." बघा म्हणजे. मी त्याला फलक दाखवायला घाबरत होते आणि तो दारात उभं राहायला घाबरत होता. मी कारण दिलं की त्याला बरं वाटायचं, त्यानं मान डोलावली की मला. दोन वर्षं आम्ही एकमेकांना असे फसवत राहिलो, आणि खरं बोललो असतो तर कदाचित दोघं मिळून गेलो असतो, दारात उभे राहिलो असतो, तो म्हणाला असता "मला येत नाय गं," मी म्हणाले असते "मीही लिहिलं नाही रे." फार तर दोघं तिथल्या कठड्याला टेकून रडलो असतो. त्यानं काय बिघडलं असतं? हे मला आता पेपरात लिहून सांगावं लागतंय, कारण ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटी मुंबईला जाऊन आले. जागा सुंदर झालीय, खोटं कशाला बोलू. कौलं तीच ठेवलीत, दगड घासून काढलेत, समुद्रावरून वारा येतो, पोरी-पोरं कठड्याला रेलून फोटो काढतात. पूर्वी त्या कुंपणाच्या आत गोदीतलं माणूस सोबत असल्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नव्हतं, आता कुणीही म्हातारं माणूस येऊन बाकावर बसतं. मामाला ते आवडलं असतं. बारा नंबरचा लोखंडी दरवाजा उघडाच खिळवून ठेवलाय, शोभेला. शेजारी माझा पितळी फलक. एक आई लेकाला तो वाचून दाखवत होती, 'मिरी, लवंग, वेलदोड्यांच्या सुगंधानं...' आणि लेक म्हणाला, "वॉव." मी उंबऱ्यात उभी राहिले आणि डोळे मिटले. पहिला श्वास सोडून दिला. दुसऱ्यात कॉफी होती, फरशी पुसायचं औषध होतं, कुणाचं तरी भारी अत्तर होतं. दारावरच्या मुलीनं विचारलं, "मॅम, टेबल हवंय?" मी नको म्हटलं. फलक बदलण्याबद्दल त्या बाईंना मी पत्र पाठवलंय. "बघू या," असं उत्तर आलंय. तोवर माझा मूळ मजकूर इथं देते. शप्पथ घेतली होती, निदान कुठंतरी छापून येऊ दे:

'गोदाम क्रमांक १२. इथं नाशिक जिल्ह्यातला कांदा बोटीची वाट बघायचा. रोज सकाळी दार उघडल्यावर एक माणूस डोळे मिटून उंबऱ्यात उभा राहायचा आणि हजारो गोण्यांमधली सडू लागलेली एक गोणी केवळ वासावरून सांगायचा.'

काल संध्याकाळी हाच कागद मामीला वाचून दाखवायला गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. डोक्यात काही नव्हतं, रविवार असूनही. मी आत शिरणार तोच पाय दारात अडखळला. कशानं अडखळला ते आधी कळलंच नाही. मी डोळे मिटले. पहिला श्वास सोडून दिला. दुसरा घेतला. लसणाचा वास होता, फोडणीचा होता, मामीच्या साबणाचा होता. ते सगळं सोडून दिलं... आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, गोडसर, ओला असा एक वास होता. जो तिथं नसायला हवा होता.

"मामी," मी म्हणाले, "टोपलीत एक सडलाय."

ती लगेच उठली. टोपलीतला सगळ्यात वरचा, चांगला, कडक कांदा उचलला आणि बाल्कनीकडं निघाली.

"तो नाही मामी," मी म्हणाले. "खरंच सडलाय. खालच्या थरात. भिंतीच्या बाजूला."

ती थांबली. परत आली, खाली बसली आणि एकेक कांदा काढून फरशीवर ठेवत गेली. तळाशी, भिंतीकडच्या कोपऱ्यात तो होता. दाबला तर बोट आत गेलं. मामीनं तो तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दोन दिवस उशीर केलास, मंजे. यांनी परवाच काढला असता."